गुदौरीहून रिकामी उतरलेली गाडी

१

रूपेश घागचं शव तिबिलिसीहून मुंबईमार्गे संगमेश्वरच्या घरी पोचलं, तेव्हा त्याची आई गंगूबाई पेटीकडे गेलीच नाही. ती सरळ सुनेकडे गेली आणि तिचा हात धरून उभी असलेली सहा वर्षांची नात तिने हिसकावून घेतली.

"मारलान हिनं माज्या पोराला," सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली. "सुई हिच्याच हातात व्हती!"

कोणी तिला गप्प केलं नाही. तिबिलिसीच्या डॉक्टरांचं म्हणणं तोवर गावभर झालं होतं. रूपेश लहानपणापासून इन्सुलिनवर जगत होता, आणि शेवटचे दोन-तीन दिवस त्याच्या अंगात इन्सुलिन पोचलंच नव्हतं. साखर भडकली, रक्तात आम्ल साचलं आणि माणूस गेला. रूपेश कुवेतला नोकरी करायचा; तिथला मराठी स्की क्लब जॉर्जियातल्या गुदौरीला बर्फावर गेला होता. रूपेश त्यांच्यात सगळ्यात तरबेज. बायको प्रियांका बरोबर होती, आणि त्याला इंजेक्शन देणारी तीच. पुढचं लोकांनी आपापल्या मनाने जुळवून घेतलं.

जानेवारीच्या शेवटी प्रियांका एकटीच कुवेतला परतली; लेकीला, मनवाला, सासूने सोडलं नाही. नवऱ्याच्या नोकरीवर तिचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना होता, तो आता संपणार होता. फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. ती महबूलाच्या त्या फ्लॅटवर गेलीच नाही. बॅग घेऊन ती दोन गल्ल्या पलीकडे शत्रुघ्न पेडणेकरांच्या दारात उभी राहिली.

पेडणेकर मीना अल-अहमदीला एका कंत्राटदार कंपनीत अपघातांची चौकशी करायचे. पाइप फुटला, शिडी घसरली, कोणी भाजलं, की त्यांना बोलावणं यायचं. सत्तावन्न वर्षांचा विधुर, किरकिरा माणूस. हाताखालचे त्यांना पाठीमागे 'यमाचा कारकून' म्हणत. रूपेश काही वर्षं त्यांच्याच हाताखाली होता.

"काका," प्रियांका म्हणाली, "मी त्याला मारलं की नाही, एवढंच शोधून द्या."

"तुला माहीत नाही?"

"नाही," ती म्हणाली. "आता खरंच माहीत नाही."

२

पेडणेकरांनी तिला चहा दिला, पण दिलासा दिला नाही. त्यांनी जे विचारलं ते कोणी सख्खा माणूस विचारणार नाही.

"साकिबशी तुझं काही आहे का?"

तिने कप खाली ठेवला. "तो रूपेशचा शाळेतला मित्र आहे."

"ते मला ठाऊक आहे. मी दुसरं विचारलं."

"नाही."

"रूपेश मारायचा तुला? त्रास द्यायचा?"

"नाही! हट्टी होता. आपला आजार कोणाला कळू द्यायचा नाही. कंपनीला कळलं तर टेबलावर बसवतील, क्लबला कळलं तर कीव करतील म्हणायचा. मी आणि साकिब सोडून कुवेतमध्ये कोणालाच माहीत नव्हतं."

मग तिने सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी सगळे गुदौरीला पोचले. शुक्रवारी सकाळी नाश्त्याआधी तिने त्याला इंजेक्शन दिलं, साखर छान होती. इन्सुलिनच्या पेनांची पिशवी तिने खोलीतल्या खणात ठेवली. बर्फात पडून पेन फुटेल म्हणून रूपेश ते बरोबर न्यायचा नाही. जेवायला हॉटेलवर परतायचंच होतं. दुपारी जेवणाआधी तिने पुन्हा इंजेक्शन दिलं, आणि तिथून सगळं बिघडलं. संध्याकाळी तो घटाघटा पाणी पिऊ लागला. रात्री उलट्या झाल्या. ती डोस वाढवत गेली, साखर काही उतरेना.

"शनिवारी सकाळी रूपेश स्वतःच म्हणाला, औषध खराब झालंय, दुसरं आणा. मी धावत क्लबच्या कॅप्टनकडे, मुकेशकडे गेले. त्याला सगळं सांगितलं, आजारासकट. तो रिसेप्शनवर रशियन भाषेत बराच वेळ बोलला आणि म्हणाला, बर्फाने रस्ता बंद आहे, सोमवारपर्यंत कोणी खाली जाऊ शकत नाही. आमच्यात ती भाषा त्या एकट्यालाच येते. रविवारी संध्याकाळी रूपेश बेशुद्ध पडला, तेव्हा कुठे गाडी मिळाली."

"ती पेनं आहेत?"

तिने पर्समधून पिशवी काढली. ती टाकून द्यायचा तिला धीर झाला नव्हता. पेडणेकर तिला घेऊन तिच्या फ्लॅटवर गेले आणि फ्रीजमधून त्याच खोक्यातलं एक नवं पेन काढलं. दोन्ही पेनं त्यांनी खिडकीशी उजेडात धरली. नव्यातलं औषध काचेसारखं स्वच्छ होतं. गुदौरीहून आलेल्यात बारीक पांढरे कण तरंगत होते आणि वर हवेचा मोठा बुडबुडा. त्यांनी पिशवीतलं एकेक पेन पाहिलं. सगळ्यांची तीच गत.

त्यांनी ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून हे वर्णन सांगितलं. उत्तर एका वाक्यात आलं. "गोठलं होतं ते. एकदा गोठलं की वितळून पुन्हा औषधासारखं दिसतं, पण औषध राहत नाही."

"खोलीत हीटर होता?" त्यांनी प्रियांकाला विचारलं.

"इतका, की आम्ही पांघरूण काढून झोपायचो. बाल्कनीचं दार बर्फाने बंद होतं, उघडतच नव्हतं."

"मग तापलेल्या खोलीतल्या खणात हे गोठलं कसं?"

प्रियांकाने पिशवीतली पेनं पुन्हा मोजली. मग हळूच म्हणाली, "काका, त्या दुपारी एक पेन कमी होतं. मला वाटलं, घरीच राहिलं असेल. पण आत्ता फ्रीजमध्येही ते नाहीये."

३

साकिब मुकादमचं शुवैखला गोठवलेल्या माशांचं कोठार होतं. जाड कोट घातलेले कामगार खोकी ओढत होते. साकिबने पेडणेकरांना आत नेलं नाही, दारातच खुर्ची दिली.

"लोक काय बोलतात ते मला ठाव आहे, काका," तो म्हणाला. "मी नि प्रियांकाभाभी. माझ्या बायकोनं, शाझियानं, दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंन. रत्नागिरीपर्यंत गेलीय गोष्ट."

"कोणी सुरू केली?"

"क्लबच्या लीना मॅडमनी. दुसरं कोण? आमच्या खोल्या शेजारी होत्या ना."

"इन्सुलिन गोठलं की मरतं, हे तुला माहीत होतं?"

साकिबने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "मी थंडीचाच धंदा करतो. औषधांचेही कंटेनर हाताळलेत मी. माहीत आहे." मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो उठून उभा राहिला. "गोठलेलं होतं ते? कोणी गोठवलं?"

"तूच गोठवू शकतोस, असं उद्या कोणीही म्हणेल."

"म्हणू दे!" साकिबचा आवाज चढला. "शनिवारी मी त्याच्या उशाशी बसलो होतो. श्वास असा चालला होता, जसा माणूस डोंगर चढतोय. मी मुकेशला म्हटलं, मी चालत खाली नेतो, पाठीवर घेतो. तो म्हणाला, पोलिसांनी अडथळे लावलेत, अर्ध्यात दोघे मराल. मी ऐकलं त्याचं. का ऐकलं मी?"

उठताना पेडणेकरांनी एवढंच विचारलं, "शुक्रवारी सकाळी तू कुठे होतास?"

"खालच्या उतारावर, नवशिक्यांत. दिवसभर पडत होतो. लीना मॅडमनी व्हिडिओ काढून सगळ्यांना हसवलं. त्यांना विचारा."

४

लीना माईणकर एका शाळेत शिकवायच्या. महबूलाच्या समुद्राकाठच्या कॅफेत त्यांनीच वेळ ठरवली, आणि पेडणेकर बसण्याआधीच बोलायला लागल्या.

"वाईटच झालं हो, सर. पण आमची ट्रिप अक्षरशः वाया गेली. एवढी सुंदर ठरवली होती मुकेशने. मला तर पहिल्या दिवसापासून वाटत होतं, त्या नवरा-बायकोत काहीतरी आहे. आणि तो साकिब सारखा त्यांच्या खोलीत."

"मित्र आजारी होता."

"हो, पण तरी."

त्यांनी फोनवर व्हिडिओ दाखवले. शुक्रवारची सकाळ: साकिब बर्फात आडवा, मागे प्रियांका आणि रूपेश हसताहेत. सगळ्यांच्या अंगात क्लबची नारिंगी जॅकेटं.

"मुकेश दिसत नाही," पेडणेकर म्हणाले.

"तो जरा मागून आला. हातमोजे खोलीत राहिले म्हणून परत गेला होता. कॅप्टन ना, सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्यासुद्धा त्याच्याकडेच. मग आम्ही दोघं शिखरावर गेलो, सकाळभर वरच होतो. बाई गं, काय ती थंडी! पापण्यांवर बर्फ."

"आणि मग?"

"मग मधल्या कॅफेत कॉफी. हीटरशेजारी कोट टांगले, तर त्याच्या कोटाला असा घाण वास यायला लागला, दवाखान्यासारखा. मी म्हटलं, अरे मुकेश, फिनेल पिऊन आलास का? म्हणाला, गुडघ्याला स्प्रे मारलाय."

पेडणेकरांनी खिशातून प्रियांकाकडचं नवं पेन काढलं, रुमालावर दोन थेंब सोडले आणि रुमाल त्यांच्यापुढे धरला. लीनाबाईंनी नाक मुरडलं. "शी! हाच तो! तुम्हालाही गुडघ्यांचा त्रास आहे?"

पेडणेकरांनी रुमालाची घडी घातली. "शर्यत रविवारी झाली ना?"

"हो. मुकेशच जिंकला, सलग चौथ्यांदा. विमानात सगळे त्याला चिडवत होते, यंदा चषक घाग नेणार म्हणून. मागच्या वर्षी सरावात रूपेशने त्याला मागे टाकलं होतं ना. मुकेश हसत होता, पण कान लाल झाले होते हं. पण बघा मन किती मोठं, बक्षीस घेताना म्हणाला, हा चषक मी आजारी रूपेशला अर्पण करतो. खोलीत जाऊन त्याच्या उशाशी ठेवून फोटोही काढला." त्यांनी फोटो दाखवला. चकचकीत चषकाशेजारी रूपेशचा चेहरा होता, डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले.

पेडणेकरांनी फोटोवरून नजर काढली नाही. "चषक कुवेतहून नेला होता?"

"नाही, तीच तर गंमत. घाईत इथेच राहिला. मग मुकेशने तिबिलिसीत नवा करायला सांगितला. शनिवारी दुपारी ड्रायव्हर घेऊन आला. मीच दारात जाऊन घेतला."

"शनिवारी दुपारी. आणि ड्रायव्हर?"

"लगेच वळून खाली गेला."

"गाडीत कोण होतं?"

"कोणी नाही," लीनाबाई म्हणाल्या. "रिकामीच गेली." आणि त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

५

मुकेश राजाध्यक्षने पेडणेकरांचं स्वागत अगदी घरच्यासारखं केलं. फहाहीलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये एका भिंतीवर चार चषक ओळीने मांडले होते. पन्नाशी ओलांडलेला, पोट सपाट, केस काळेभोर. तरुणपणी रशियात शिकलेला.

"पेडणेकर, मला झोप नाही हो," तो म्हणाला. "कॅप्टन म्हणून जबाबदारी माझीच. पण त्या दोघांनी आजार लपवला. शनिवारी प्रियांकाने सांगितलं तेव्हा मला कळलं. रस्ता बंद होता. माणूस काय करणार?"

"काहीच नाही करू शकत," पेडणेकर म्हणाले.

"मी तिला दोष देत नाही. कुवेतची सवय. इथे उन्हामुळे आपण प्रत्येक औषध थंडात ठेवतो. तिने पेनं नेऊन बर्फात ठेवली असतील. गोठली, खेळ खलास. अजाणतेपणी झालं, असंच आपण सगळ्यांनी म्हणू या."

"असंच म्हणू या," पेडणेकर म्हणाले.

इन्सुलिन गोठलं होतं हे त्यांना, प्रियांकाला आणि साकिबला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंना कोणाचं नाव सांगितलं नव्हतं. तिबिलिसीच्या डॉक्टरांनी फक्त औषध अंगात पोचलं नाही, एवढंच सांगितलं होतं. चौथ्या माणसाला हा शब्द सुचायचं कारण नव्हतं.

"तुमच्या आई कशा आहेत?" उठता उठता त्यांनी विचारलं. "त्यांना साखरेचा त्रास आहे असं ऐकलं होतं."

"गेली दोन वर्षांपूर्वी. शेवटपर्यंत मीच इन्सुलिन द्यायचो."

"मुलगा असावा तर असा," पेडणेकर म्हणाले आणि बाहेर पडले.

क्लबची जॅकेटं दर वर्षी एकत्र धुवायला जातात हे त्यांना प्रियांकाने सांगितलं होतं. मुकेशच्या इमारतीखालीच मसबगा होता, कपडे धुण्याचं ते दुकान गफूर चालवायचा. त्याच्या बोटाला पट्टी होती.

"नारिंगी जॅकेट?" गफूर म्हणाला. "सब का बाद में आया. कॅप्टनसाब का पहले, अकेला. एअरपोर्ट से आया और सीधा इधर दिया, बोला जल्दी करो. जेब में काँच था, देखो, कितना गहरा कटा. अभी तक भरा नहीं."

"काच कुठे आहे?"

"फेंक दिया, साब. और जेब फटा था अंदर से. मैं बोला सी दूँ? बोला नहीं, टाइम नहीं."

पेडणेकर दुकानाबाहेर येऊन थांबले. काच कचऱ्यात गेली होती. वास धुऊन गेला होता. रूपेशची राख नदीत गेली होती. उरला होता फक्त एक फाटका खिसा, आणि तोही त्याच माणसाच्या कपाटात.

६

शुक्रवारी दुपारी मुकेशच्याच घरी रूपेशची शोकसभा होती. क्लबचे सगळे आले. पांढरे कपडे, मध्ये फोटो, बाजूला सामोशांची ताटं. प्रियांका आली तेव्हा तिच्याशेजारची खुर्ची रिकामीच राहिली. साकिब भिंतीला टेकून उभा राहिला, तिच्यापासून मुद्दाम लांब.

मुकेश बोलला, दोनदा डोळे पुसले. मग पेडणेकर उभे राहिले.

"मी क्लबचा नाही, पण रूपेश माझ्या हाताखाली होता. दोनच शब्द बोलतो. मुकेश, तुमचं कॅप्टनचं जॅकेट आणता? फोटोशेजारी ठेवू."

लोकांना ते बरं वाटलं. मुकेश क्षणभर घुटमळला, पण एवढ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने जॅकेट आणलं. पेडणेकरांनी ते घडी न मोडता हातावर घेतलं.

"रूपेशचं इन्सुलिन गोठवलं गेलं होतं," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळच्या नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणाआधी. सकाळचं इंजेक्शन लागू पडलं, दुपारचं नाही. खोली गरम होती, बाल्कनी बंद होती. म्हणजे कोणीतरी पेनं बाहेर नेली, गोठवली आणि परत आणून ठेवली. एक सोडून सगळी."

खोलीत चुळबुळ झाली. दोन-तीन माना प्रियांकाकडे वळल्या.

"तिच्याकडे बघू नका," पेडणेकर म्हणाले. "जिच्या हातात सुई आहे, तिला बर्फाची गरज काय? न टोचता टोचल्यासारखं दाखवलं असतं तरी पुरे होतं. साकिबकडे बघाल, तर त्याच्याजवळ इथे गावभर मासे गोठवण्याची सोय आहे. गुदौरीपर्यंत जायचं कारण नाही. आणि औषध गोठताना फुगतं, काच तडकते, हे त्याला कळतं. तो काचेची नळी खिशात घालून शिखरावर जाणार नाही. ज्याला इन्सुलिन माहीत आहे पण गोठवणं धड माहीत नाही, असा माणूस हवा. किल्ल्या असलेला. हातमोजे आणायला परत गेलेला. सकाळभर शिखरावर राहिलेला. ज्याचा कोट कॅफेत हीटरशी टांगल्यावर दवाखान्यासारखा वास मारायला लागला, असा."

"लीना?" मुकेश हसला. "हे तू सांगितलंस? अगं, स्प्रे होता तो."

"स्प्रेत काच नसते," पेडणेकर म्हणाले. त्यांनी जॅकेटचा बाहेरचा खिसा उलटा केला. आतून फाटलेला होता. त्यांनी दोन बोटं अस्तरात घातली आणि कडेकडेने चाचपत गेले. काही सापडलं नाही. मुकेशने सुस्कारा सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला. पेडणेकरांनी जॅकेट फिरवलं, खालच्या शिवणीच्या कोपऱ्यात बोटं खुपसली आणि काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं.

करडा, रबराचा इवलासा गोल तुकडा होता तो. त्यांनी तो फोटोपुढे ठेवला. मग खिशातून नवं पेन काढून उघडलं. त्याच्या काचेच्या नळीत, औषधाच्या मागे, तसाच तुकडा बसवलेला होता.

"एक पेन तुमच्या खिशात तडकलं, मुकेश. ते परत ठेवता आलं नाही. काच गफूरच्या बोटात गेली. हे अस्तरात राहिलं."

"कुवेतच्या विमानतळावर तपासणीत रूपेशची पिशवी उघडली होती," लीनाबाई एकदम म्हणाल्या. "तू त्याच्या मागेच उभा होतास, मुकेश. तू मला तेव्हाच म्हणाला होतास, याची सगळी ऐट बाटलीतून येते. मला वाटलं, दारूबद्दल बोलतोस."

मुकेश खाली बसला. तो बोलला, पण प्रियांकाकडे न बघता.

"एक दिवस," तो म्हणाला. "फक्त एक दिवस तो आडवा पडायला हवा होता. शर्यत हुकली असती, दुसऱ्या दिवशी नवं औषध आणलं असतं. मरेल असं कोणाला वाटलं होतं?"

"शनिवारी मी तुमच्या दारात रडत उभी होते," प्रियांका म्हणाली.

"हो."

"तेव्हा गाडी वर आली होती. तुमचा चषक घेऊन."

"तेव्हा खाली नेला असता, तर डॉक्टरांनी पेनं तपासली असती," मुकेश म्हणाला. एखाद्या हिशेबातली साधी पायरी समजावून द्यावी, तशा आवाजात.

साकिब भिंतीपासून सुटला आणि दोघांनी त्याला कमरेला धरून थोपवलं. प्रियांका लीनाबाईंकडे वळली.

"रस्ता बंद आहे हे तुम्ही ऐकलं होतंत. आणि गाडी खाली जातानाही पाहिलीत."

लीनाबाईंचा चेहरा रडवेला झाला. "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. दुसऱ्या दिवशी शर्यत होती ना... सगळे एवढ्या मूडमध्ये होते..."

क्लबमधलं कोणीच कोणाकडे बघेना. चषक आल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. तो आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

७

तक्रार पोलिसांत गेली आणि मुकेशला देश सोडायला बंदी झाली. पुढचं प्रकरण दोन देशांच्या पोलिसांत अडकलं, आणि ते लवकर सुटणार नाही हे पेडणेकरांना ठाऊक होतं. क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून प्रियांकाला त्याच आठवड्यात काढून टाकण्यात आलं. वातावरण निवळावं म्हणून, असं कारण दिलं होतं.

तिला एकच हवं होतं. "आईंना तुम्ही सांगा, काका. माझं त्या ऐकणार नाहीत."

पेडणेकरांनी संगमेश्वरला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. प्रियांका समोर बसली होती. त्यांनी गंगूबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं: खोली, शिखर, तडकलेलं पेन, चषक, गाडी.

"ऐकताय ना, वहिनी? तुमच्या सुनेचा यात काडीचा दोष नाही. ती मेलेलं औषध टोचत होती. संशय आला तेव्हा तीच नव्या औषधासाठी धावली."

"ऐकलं," गंगूबाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण कोरडा. "तो माणूस सडून मरंल. द्येव बघंल त्याच्याकडं."

"हो. तेव्हा आता नातीला..."

"हिनं मारलान नाय, ते मला पहिल्या दिवशीच ठावं व्हतं," गंगूबाई म्हणाल्या.

पेडणेकरांनी आपल्या धंद्यात खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले होते, पण ते सगळे घाबरून खोटं बोलत.

"मग का म्हणालात?"

"नायतर पोर घिवून गेली असती ती. मुंबयला, म्हायेरी. माजा रूपेश गेला, त्याचं येवढं एकच उरलंय. तिला दुसरं व्हईल. तरुण हाय. मला कोण देनार?"

प्रियांकाने हात पुढे करून फोन उचलला.

"आई, मी रविवारी येते. मनवाची बॅग भरून ठेवा."

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं, आणि मग घरातून एक बारीक आवाज जवळ येत गेला. "आजी, इज दॅट माय मॉम? आजी, गिव्ह मी..."

गंगूबाईंनी फोन ठेवून दिला.

प्रियांकाने लगेच पुन्हा लावला. बंद येत होता. तिने परत लावला. मग ती उठली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "रविवार नको, काका. आजचं विमान बघा."